प्रथिनांची वाट, मेदाची वाट: पेशीच्या आतली ने-आण

तुम्ही विचारलेले तीन प्रश्न आधी एकत्र मांडतो, म्हणजे ज्यांनी ते वाचलेले नाहीत त्यांनाही पुढचे समजेल. पहिला प्रश्न असा की, आंतर्द्रव्यजालिकेतून (प्रथिने आणि मेद जिथे तयार होतात ते पेशीतील पटलांचे जाळे; पुढे नुसते ‘जालिका’) सुटलेली प्रत्येक पुटिका, म्हणजे पटलाची इवलीशी पिशवी, प्रथिनांबरोबर पटलाचा तुकडाही घेऊन जाते आणि ही ये-जा अखंड चालू असते, तर काही काळाने पेशीतील सगळी पटले एकसारखी का होत नाहीत? दुसरा असा की, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेकडे (मायटोकॉन्ड्रियाकडे) या पुटिका जातच नसतील, तर तिच्या दोन पटलांना लागणारा मेद येतो कुठून? तिसरा प्रश्न तुमच्या खानापूरच्या घरच्या गोठ्यातून आला आहे: म्हशीच्या दुधातील प्रथिने आणि मेद एकाच वाटेने बाहेर पडतात का? हा शेवटचा प्रश्न तुम्ही ‘अभ्यासक्रमाबाहेरचा आहे, पण’ असे म्हणत विचारला आहे. माझ्या मते तिघांत तोच सर्वांत मोलाचा आहे, कारण पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात एकत्र येतात.

थोडक्यात उत्तर असे. जालिकेत तयार होऊन गॉल्गी (माल वेगळा करून पुढे पाठवणाऱ्या चपट्या पिशव्यांचा संच), लयकारिका (पेशीतील पचनाची पिशवी, लायसोसोम) किंवा पेशीबाहेर जाणारी प्रथिने आपली जागा पुटिकांतून बदलतात. मेदद्रव्येही पुटिकेच्या पटलाबरोबर जातात, हे खरेच. परंतु कोणत्या पटलात कोणता मेद किती असावा, हे मोठ्या प्रमाणावर दुसऱ्याच वाटेवर ठरते. दोन पटले जिथे एकमेकांत न मिसळता अगदी जवळ येतात, तिथे मेदाचे रेणू एका पटलातून काढून दुसऱ्यात ठेवणारी प्रथिने काम करतात. या दोन वाटा वेगळ्या आहेत, पण परस्परांपासून तुटलेल्या नाहीत. फॉस्फोइनोसिटाइड नावाच्या थोड्याशा मेदद्रव्यांचा हिशेब दोन्हीकडे चालतो आणि त्या हिशेबासाठी पेशी सतत ऊर्जा खर्च करते. तो खर्च थांबला, तर तुमची शंका खरी ठरेल आणि पटले हळूहळू एकमेकांसारखी होऊ लागतील.

पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) वर्गांत गॉल्गी संकुलाला टपाल कार्यालय म्हणण्याची पद्धत आहे. ती उपमा सोडून द्यावी, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. टपाल कार्यालयाच्या भिंती पत्रांबरोबर गावोगाव जात नाहीत. पेशीत भिंतच प्रवासाला निघते आणि तुमचा पहिला प्रश्न नेमका तिथूनच उभा राहतो.

प्रथिनांची वाट कशी सापडली, हे आधी पाहू. जॉर्ज पॅलाडे आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या दशकात गिनीपिगच्या स्वादुपिंडाचे काप घेतले, त्यांना किरणोत्सारी अमिनो आम्ल अवघी काही मिनिटे दिले, मग साधे अमिनो आम्ल भरपूर ओतून किरणोत्सारी पुरवठा बंद केला आणि ठरावीक वेळाने पेशी स्थिर करून तो किरणोत्सार कुठे पोचला आहे हे पाहिले. सुरुवातीला तो खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवर दिसला, पुढे गॉल्गीच्या परिसरात आणि तास-दोन तासांनी स्रावाच्या कणांत. या कामाबद्दल पॅलाडे यांना १९७४ चे नोबेल पारितोषिक अल्बर्ट क्लोद आणि क्रिस्तियाँ द द्यूव्ह यांच्याबरोबर मिळाले. मार्ग कळला, पण तो चालवणारे कोण, हे कळायला यीस्टची मदत घ्यावी लागली. १९७९ मध्ये पीटर नोव्हिक आणि रँडी शेकमन यांनी ३७ अंश सेल्सिअसला स्राव बंद पडणारे यीस्टचे उत्परिवर्ती प्रकार वेगळे काढले. बाहेर न गेलेला माल आत साचल्यामुळे या पेशी जड होतात आणि घनतेच्या द्रावणात खाली बसतात. या एका निरीक्षणाच्या बळावर पुढच्याच वर्षी त्यांनी अशी २३ जनुके गाठली. तिकडे जेम्स रॉथमन यांनी पेशी फोडून, गॉल्गीची पटले परीक्षानळीत घेऊन तीच वाहतूक पेशीबाहेर चालवून दाखवली. रॉथमन, शेकमन आणि चेतापेशीतील पुटिकांचे वेळापत्रक कॅल्शियमवर कसे चालते हे उलगडणारे थॉमस स्यूडोफ यांना २०१३ चे नोबेल विभागून मिळाले.

जालिकेवर पुटिका कशी सुटते, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. सार-१ नावाचे छोटे प्रथिन पेशीद्रवात जीडीपी धरून फिरत असते. जीडीपी आणि जीटीपी हे दोन छोटे रेणू अशा प्रथिनांची बंद-चालू कळ असतात: जीडीपी असताना बंद, जीटीपी असताना चालू. जालिकेच्या पटलात बसलेले सेक-१२ त्याला जीडीपीच्या जागी जीटीपी देते, तेव्हा सार-१ चे एक टोक उघडते आणि पटलाच्या बाहेरच्या थरात रुतते. सेक-१२ फक्त जालिकेवर असल्यामुळे हे काम दुसरीकडे कुठे सुरू होत नाही. रुतलेल्या सार-१ ला सेक-२३ आणि सेक-२४ ची जोडी येऊन चिकटते. त्यातील सेक-२४ पटलातल्या प्रथिनांच्या शेपटावरील खुणा ओळखून कोणाला आत घ्यायचे ते ठरवते. शेवटी सेक-१३ आणि सेक-३१ यांचा पिंजरा वरून बसतो आणि पटल बाहेर फुगून साधारण ६० ते ८० नॅनोमीटरची पुटिका तुटते. या सगळ्या आवरणाला कॉप-२ म्हणतात. सेक-२३ सार-१ ला जीटीपी तोडायला लावते, त्यामुळे हे आवरण उभे राहतानाच त्याच्या उकलण्याची तयारी झालेली असते. जोडणी आणि मोडणी एकाच यंत्रात बसवण्याची ही पद्धत पेशीत पुन्हा पुन्हा भेटते.

येथे एक अडचण लक्षात घ्या. हाड-कातडीतील कोलॅजेनचा पूर्वरूप रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांबीची ताठ काठी असते. ती ८० नॅनोमीटरच्या पुटिकेत मावणार नाही. जालिकेच्या बहिर्गमनस्थानी टँगो-१ नावाचे प्रथिन आतून कोलॅजेनला आणि बाहेरून कॉप-२ ला धरते आणि तिथे नेहमीपेक्षा मोठा वाहक किंवा नळी तयार होऊ देते. म्हणजे आकृतीतील गोल गोल पुटिका हा सोयीचा भाग आहे. प्रत्यक्षात नळ्या, चपट्या पिशव्या आणि वेड्यावाकड्या आकाराचे वाहकही असतात.

आता पहिल्या प्रश्नाचा गाभा. पुढे जाणाऱ्या प्रत्येक वाहकाबरोबर काही चुकीची प्रथिनेही जातात आणि पटल तर जातेच. त्यामुळे परतीची वाहतूक तितकीच मोठी असावी लागते. ती कॉप-१ आवरणाच्या पुटिका करतात आणि त्यांना सार-१ ऐवजी आर्फ-१ चालवते. जालिकेत राहून काम करणाऱ्या प्रथिनांच्या टोकाशी चार अमिनो आम्लांची एक खूण असते: लायसिन, अस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, ल्युसिन. शॉन मन्रो आणि ह्यू पेल्हॅम यांनी १९८७ मध्ये दाखवले की, ही खूण काढून टाकली तर असे प्रथिन पेशीबाहेर गळू लागते. गॉल्गीत ही खूण ओळखणारा ग्राही असतो. गॉल्गी जालिकेपेक्षा किंचित आम्लधर्मी असते. त्या आम्लतेत ग्राही खुणेला घट्ट धरतो आणि जालिकेत परतल्यावर तेथील उदासीन वातावरणात सोडून देतो. पकडायचे कुठे आणि सोडायचे कुठे, हे केवळ आम्लतेच्या फरकावर ठरते. मला स्वतःला या सगळ्या विषयातील ही सर्वांत देखणी युक्ती वाटते.

पटलाची ओळख तिथे कायम बसलेल्या एखाद्या पाटीने ठरत नाही, हे यावरून दिसेल. त्या घटकेला तिथे रॅब नावाच्या, सार-१ सारख्याच कळीच्या प्रथिनांपैकी कोणती जीटीपी धरून बसली आहेत आणि कोणता फॉस्फोइनोसिटाइड आहे, या दोहोंच्या मेळावर ती ठरते. मानवी पेशीत साठांहून अधिक रॅब प्रथिने आहेत. पेशीने नुकत्याच आत घेतलेल्या पुटिकेवर रॅब-५ असते. ते ज्या प्रथिनांना बोलावते, त्यांतीलच काही पुढे रॅब-७ ला बोलावतात आणि रॅब-५ ला घालवतात. अशा रीतीने तीच पिशवी जागच्या जागी लयकारिकेच्या वाटेवरची बनते. गॉल्गीतही असेच घडते, असे यीस्टमधील दृश्यांवरून म्हणता येते: २००६ मध्ये अमेरिकेतील बेंजामिन ग्लिक आणि जपानमधील अकिहिको नाकानो यांच्या गटांनी जिवंत पेशीत एकेका चपट्या पिशवीचा रंग बदलताना पाहिला. सुरुवातीच्या टप्प्याचे हिरवे चमकणारे प्रथिन तिच्यातून नाहीसे होत गेले आणि नंतरच्या टप्प्याचे लाल प्रथिन तिथेच वाढत गेले. माल पिशवीतून पिशवीत जाण्याऐवजी पिशवीच वयात येते आणि तिची जुनी विकरे मागच्या पिशवीकडे परत पाठवली जातात, असा त्याचा अर्थ.

पुटिका योग्य पटलाला मिळाल्यावर विलयनाचे काम स्नेअर प्रथिने करतात. एक पुटिकेवर, बाकीची समोरच्या पटलावर; त्यांच्या चार सर्पिलांची जुडी एका टोकाकडून आवळत जाते आणि दोन पटले एकमेकांवर दाबली जाऊन मिसळतात. वापरलेली जुडी सोडवायला एनएसएफ नावाचे प्रथिन एटीपी हे पेशीचे ऊर्जाद्रव्य खर्च करते. शेतात खिळा किंवा विळा लागला की आपल्याकडे धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायला धावतात. त्या जंतूचे विष चेतापेशीतील नेमके असे एक स्नेअर प्रथिन कापते. स्नायू सैल ठेवणारा संदेश ज्या पुटिकांत असतो, त्या पटलाला मिळू शकत नाहीत आणि शरीर धनुष्यासारखे ताठते.

एवढे सांगितल्यावर ब्रेफेल्डिन-ए या बुरशीजन्य द्रव्याचा प्रयोग सांगितलाच पाहिजे, कारण मेदाच्या वेगळ्या वाटेचा एक जुना पुरावा त्यातून मिळाला. गॉल्गीतील एखादे विकर हिरवे चमकते केलेल्या पेशी काचेवर वाढवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या आणि हे द्रव्य घालायचे. केंद्रकाशेजारी घट्ट चमकणाऱ्या गॉल्गीतून काही मिनिटांत केसासारख्या बारीक नळ्या बाहेर निघू लागतात. मग एखादी नळी जालिकेला जाऊन मिळते आणि पाहता पाहता, मिनिटभराच्या आतच, सगळी हिरवी चमक जालिकेच्या जाळ्यात पसरून जाते. केंद्रकाशेजारची जागा रिकामी होते. आर्फला जीटीपी देणारे प्रथिन हे द्रव्य अडकवून ठेवते, कॉप-१ बसू शकत नाही आणि गॉल्गीचे वेगळेपण टिकत नाही. द्रव्य धुऊन काढले की एक-दोन तासांत गॉल्गी पुन्हा उभी राहते. मी हे वर्गात चित्रफितीतून दाखवतो तेव्हा ‘पटले एकसारखी का होत नाहीत’ हा प्रश्न पुन्हा कोणी विचारत नाही. ती होऊ शकतात, हे डोळ्यांसमोर घडलेले असते.

या द्रव्याने प्रथिनांची पुढची वाट बंद होते. मग मेदाचे काय होते? १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की, ब्रेफेल्डिन दिलेल्या पेशीत एका विषाणूचे पटलप्रथिन जालिकेच्या पुढे प्रद्रव्यपटलापर्यंत, म्हणजे पेशीच्या सर्वांत बाहेरच्या पटलापर्यंत, जाऊ शकले नाही, पण नव्याने तयार झालेले कोलेस्टेरॉल मात्र तिथे पोचतच राहिले. निघाले दोघेही जालिकेतून, पण वाटा वेगळ्या.

कोलेस्टेरॉलचे वाटप पाहिले की ही वेगळी वाट किती आवश्यक आहे ते कळते. कोलेस्टेरॉल तयार होते जालिकेत, पण तिच्या पटलातील मेदरेणूंपैकी ते जेमतेम पाच टक्के असते. प्रद्रव्यपटलात ते तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे कमी असलेल्या जागेतून जास्त असलेल्या जागेकडे माल सतत न्यायचा आहे, आणि हे आपोआप होणे शक्य नाही. ऊर्जा कोणीतरी भरली पाहिजे.

ती कशी भरली जाते, याचे सर्वांत नीट उलगडलेले उदाहरण ओएसबीपी नावाच्या प्रथिनाचे आहे. जालिका आणि गॉल्गीचा शेवटचा भाग काही ठिकाणी दहा ते तीस नॅनोमीटर इतक्या अंतरावर येतात. ओएसबीपी एका हाताने जालिकेतील व्हॅप प्रथिनाला धरते आणि दुसऱ्या हाताने गॉल्गीवरील पीआय४पी या फॉस्फोइनोसिटाइडला. त्याच्या तिसऱ्या भागात एक खोबण असते आणि तिच्यात एका वेळी एकच रेणू बसतो: कोलेस्टेरॉल किंवा पीआय४पी. जालिकेतून कोलेस्टेरॉल उचलायचे, गॉल्गीत ठेवायचे, परत येताना तिथला पीआय४पी घ्यायचा आणि जालिकेत टाकायचा. जालिकेत सॅक-१ नावाचे विकर त्या पीआय४पीचा फॉस्फेट लगेच तोडून टाकते, त्यामुळे तो रेणू उलट वाटेने जाऊ शकत नाही आणि हे चक्र एकाच दिशेने फिरत राहते. गॉल्गीत पीआय४पी पुन्हा तयार करायला एटीपी लागते. कोलेस्टेरॉल चढावर नेण्याची किंमत तिथे चुकती होते. ब्रूनो आँतोनी यांच्या गटाने २०१३ मध्ये हे चार टप्प्यांचे चक्र मांडले. यीस्टमधील ओश-६ हे त्याचे भावंड याच रीतीने फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद जालिकेतून प्रद्रव्यपटलाकडे नेते. सेरामाइड या मेदाची ने-आण करणारे सर्ट हे प्रथिनही दोन्हीकडे असेच हात टाकून असते. केंतारो हनादा यांच्या गटाने ते २००३ मध्ये ओळखले. गॉल्गीत पोचलेल्या या सेरामाइडपासून तिथे स्फिंगोमायलिन हा दुसरा मेद बनतो.

आता दोन वाटांना बांधणाऱ्या धाग्याकडे येतो. ज्या पीआय४पीच्या बदल्यात कोलेस्टेरॉल गॉल्गीत येते, तोच पीआय४पी गॉल्गीवर पुटिका घडवणाऱ्या प्रथिनांना बसायची जागा दाखवतो. म्हणजे मेदाची देवाणघेवाण वाढली की पुटिका सुटण्याच्या खुणेत फरक पडतो. दुसरे असे की, कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोमायलिन एकत्र आले की पटल जाड आणि घट्ट होते. पटलातून आरपार जाणाऱ्या प्रथिनांचे पटलातील भाग मोजले, तर गॉल्गीत राहणाऱ्यांचे ते सर्वसाधारणपणे आखूड आणि प्रद्रव्यपटलात जाणाऱ्यांचे लांब भरतात. जाड पटलाच्या भागात लांब भागाची प्रथिने बसतात, आखूड मागे राहतात. मेदाच्या वाटेवर जे ठरले, त्यावर प्रथिनांच्या वाटेवरील निवड होते. अनेक पुस्तकांत मेदाला केवळ भिंतीची माती समजून सोडून दिलेले असते. मला ते मुळीच पटत नाही.

याचा एक जहाल दाखला पटकीच्या विषाचा. हे आतड्यात काम करणारे विष आहे, हे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात दाखवून दिले. कृष्णा किंवा घटप्रभेला पूर येऊन गेला की आपल्या भागातील गावांत पाणी उकळून पिण्याची दवंडी देतात ती ज्या रोगांच्या भीतीने, त्यांपैकी पटकी एक. हे विष आतड्याच्या पेशीवर जीएम-१ नावाच्या मेदाला चिकटते आणि त्या मेदाबरोबर उलट प्रवास करते: प्रद्रव्यपटलाकडून गॉल्गीकडे, तिथून जालिकेत. त्याच्या एका तुकड्याच्या टोकाशी वर सांगितलेली चार अमिनो आम्लांची खूणही असते. जालिकेत शिरल्यावर ते चुकीची घडी झालेल्या प्रथिनांना बाहेर फेकणाऱ्या दारातून पेशीद्रवात उतरते आणि तिथे नुकसान करते.

तंतुकणिकेचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटतो. तिच्याकडे पुटिकांची नेहमीची वाहतूक येत नाही. फॉस्फॅटिडिलसेरीन जालिकेत तयार होते, तंतुकणिकेच्या आतल्या पटलापर्यंत जाते, तिथे कार्बोक्सिल गट काढून त्याचे फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन बनते आणि त्यातले काही परत जालिकेकडे येते. जालिका आणि तंतुकणिका जिथे चिकटलेल्या असतात, तिथून ही देवघेव होते. यीस्टमध्ये त्या जागी चार प्रथिनांचा एर्मेस नावाचा संच २००९ मध्ये सापडला. आपल्या पेशीत तो नाही. आपल्याकडे व्हीपीएस-१३ घराण्यातील प्रथिने आहेत. ही तीन हजारांहून अधिक अमिनो आम्लांची लांबच लांब प्रथिने असून त्यांच्या आतून पाण्याला दूर ठेवणारी पन्हळ जाते. एका पटलापासून दुसऱ्यापर्यंत ती पुलासारखी पसरतात आणि मेदरेणू त्या पन्हळीतून सरकत जातात, असे आज मानले जाते. एकाच थरात मेद ओतला तर पटल वाकडे होईल, म्हणून दोन्ही टोकांना थरांची अदलाबदल करणारी स्क्रॅम्बलेज प्रथिने लागतात. व्हीपीएस-१३-ए बिघडले की हातापायांच्या अनावर हालचाली आणि काटेरी तांबड्या पेशी असलेला एक दुर्मिळ आनुवंशिक आजार होतो. व्हीपीएस-१३-सी मधील दोषांचा संबंध कमी वयात होणाऱ्या कंपवाताशी आहे.

आणि आता गोठ्याकडे. दूध घडवणाऱ्या पेशीला एक बाजू रक्ताकडे आणि दुसरी बाजू दुधाच्या पोकळीकडे असते. केसीन हे दुधाचे मुख्य प्रथिन खडबडीत जालिकेवर तयार होऊन आत शिरते, गॉल्गीत त्याला फॉस्फेट जोडले जातात, कॅल्शियम मिळते आणि त्याचे कण बनतात. लॅक्टोजही गॉल्गीतच बनते. ही साखर गॉल्गीच्या पटलातून बाहेर पडू शकत नाही, म्हणून ती पाणी आत ओढते. दुधाचे पाणी मुख्यतः या ओढीनेच येते. हा सगळा ऐवज पुटिकांत भरून पोकळीकडच्या पटलाशी जातो आणि स्नेअरच्या विलयनाने बाहेर पडतो. ही पॅलाडे यांची वाट.

डेअरीत ज्याची ‘फॅट’ लागते तो भाग या वाटेने जात नाही. ट्रायग्लिसराइड, म्हणजे हाच मेद, जालिकेच्या पटलातच, त्याच्या दोन थरांच्या मध्ये साचते आणि त्याचा थेंब पेशीद्रवाच्या बाजूला फुगून निघतो. म्हणून त्याच्या भोवती जालिकेच्या पटलाचा एकच थर येतो. हे थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात, पोकळीकडच्या पटलाशी जातात आणि तिथे प्रद्रव्यपटल त्यांच्याभोवती गुंडाळले जाऊन पूर्णच्या पूर्ण तुटून बाहेर पडते. त्यात ब्युटिरोफिलिन आणि झँथीन ऑक्सिडोरिडक्टेज ही प्रथिने भाग घेतात. पेशीबाहेर आलेल्या प्रत्येक स्निग्धकणावर त्यामुळे तीन थर असतात: आतला एक जालिकेचा, बाहेरचे दोन प्रद्रव्यपटलाचे. कधी कधी घाईत पेशीद्रवाची कोरही त्या गुंडाळीत अडकून दुधात येते. प्रद्रव्यपटल असे सतत खर्ची पडत असताना केसीनच्या पुटिका विलीन होऊन ते भरूनही काढतात. दोन वाटा शेवटी एकाच पटलाच्या जमाखर्चात भेटतात, असे इथे म्हणता येते.

आतड्याची पेशी मात्र तेच ट्रायग्लिसराइड जालिकेच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे आतल्या पोकळीत भरते. तिथे ते अपोबी-४८ या प्रथिनाबरोबर बांधले जाऊन कायलोमायक्रॉन नावाचा मेदाचा कण बनतो आणि प्रथिनांच्याच वाटेने, कॉप-२ च्या मदतीने, गॉल्गीकडे जातो. सार-१-बी या सार-१ च्या एका रूपात दोष असलेल्या मुलांच्या आतड्याच्या पेशी तुपाने तुंबल्यासारख्या होतात, मेद अंगी लागत नाही आणि वाढ खुंटते. मेदाचा एकच प्रकार, पण तो जालिकेच्या पटलाच्या कोणत्या बाजूला उतरला यावर त्याची पुढची सारी वाट ठरते. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे नेमके उत्तर हे आहे: दुधात मेद आणि प्रथिने वेगळ्या वाटांनी बाहेर पडतात, आतड्यात एकाच वाटेने.

लोणी काढताना हेच पटल फाटते. घुसळल्यावर स्निग्धकण एकमेकांना चिकटून वर येतात आणि त्यांच्यावरील तीन थरांचा बराचसा भाग ताकात उतरतो. म्हणून ताकात फॅट कमी असली तरी फॉस्फोलिपिड आणि स्फिंगोमायलिन यांचे त्या फॅटशी प्रमाण दुधापेक्षा बरेच जास्त असते. म्हशीच्या पेशीचे प्रद्रव्यपटल आपण कढीत पितो, असे मी वर्गात म्हटले की मुले हसतात, पण विधान चुकीचे नाही.

तुमच्या महाविद्यालयात फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक नसेल, तरी एक गोष्ट साध्या सूक्ष्मदर्शकावर करता येईल. घरचे न तापवलेले दूध पाण्यात दहापट पातळ करा, काचपट्टीवर एक थेंब घ्या, सुदान-३ रंगाचा अल्कोहोलमधील थेंब शेजारी सोडा आणि आच्छादन काच ठेवून चाळीसच्या भिंगाखाली पाहा. एक ते दहा मायक्रोमीटरचे नारिंगी गोळे थरथरत असलेले दिसतील. केसीनचे कण इतके लहान असतात की ते या भिंगाने दिसत नाहीत. दुसऱ्या पट्टीवर व्हिनेगरचा एक थेंब टाकलेत, तर केसीन गोठून जाळे होते आणि नारिंगी गोळे त्यात अडकतात. या प्रयोगाला पिशवीवर ‘होमोजनाइज्ड’ छापलेले दूध घेऊ नका. कारखान्यात दाबाने स्निग्धकण फोडलेले असतात, त्यांच्या वाढलेल्या पृष्ठभागाला पेशीने दिलेले पटल पुरत नाही आणि उरलेल्या जागेवर केसीन जाऊन बसते. पेशीने वेगळ्या वाटांनी पाठवलेले दोन पदार्थ यंत्राने तिथे एकत्र केलेले असतात. तुलनेसाठी तेही पाहायचे असेल तर वेगळी काचपट्टी घ्या आणि पट्टीच्या कडेला पेन्सिलीने कोणते दूध ते लिहून ठेवा.